गाडीतल्या काट्याला शिक्का कोण मारणार?

गेल्या हिवाळ्यात मोवाडला एका निकाहला गेलो होतो. नौशा माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला. हल्ली आमच्या नरखेड तालुक्यातही नौशा घोड्यावर येत नाही, गाडीत येतो. त्याच्या मित्रांनी नागपूरहून एका दिवसाच्या भाड्याने दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार आणली होती. गाडी इतकी बुटकी की शेरवानी सांभाळत आत बसायला नौशाला दोघांचा हात धरावा लागला. पुढे बँड, मागे बायका-पोरं, मधात ही गुरगुरणारी गाडी. हॉल हाकेच्या अंतरावर आला आणि गाडीने दोन आचके दिले. मग ती जी बंद पडली ती पडलीच.

पोरांनी गराडा घातला. आमच्या शाळेतला सातवीतला एक जण खिडकीत डोकं घालून ड्रायव्हरला विचारतो, "भाऊ, हे ॲव्हरेज किती देते?"

ड्रायव्हर आधीच घामाघूम. "सहा-सात देते. पण काटा पाव टाकी दाखवून राहिला ना जी! पेट्रोल संपलं कसं?"

स्टँडवरून मिस्त्री आला. कॅनमधून पाच लिटर ओतलं, गाडी सुरू झाली. तोपर्यंत नौशा उतरून पायीच हॉलमध्ये पोहोचला होता. दावतीत मिस्त्री माझ्याच पंगतीला होता. त्याला विचारलं तेव्हा त्याने बोटांनी ताटातल्या भातावर आकृती काढून समजावलं. "सर, अशा गाडीची टाकी खोगिरासारखी असते. मधातून मागच्या चाकाकडे दांडा जाते, म्हणून टाकी दोन्हीकडे लोंबते. दोन कप्पे. पंप एकाच कप्प्यात. दुसऱ्या कप्प्यातलं पेट्रोल इकडं ओढून आणणारी नळी बिघडली, की तिकडचं तिकडंच राहते. काटा दोन्ही कप्प्यांची बेरीज दाखवते आणि इंजिनाला मिळते एकाच कप्प्यातलं."

म्हणजे नौशाने घोडा सोडला, पण खोगिराने त्याला सोडलं नाही. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

पण त्या हसण्याला माझ्याकडे एक काळी किनार होती. त्याच्या आदल्या वर्षी फेब्रुवारीतली रात्र मला आठवली. अम्मीला दम्याचा जोराचा झटका आला. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले, "ताबडतोब नागपूर" म्हणाले. माझ्याकडे जुनी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली छोटी मोटार आहे. तिच्या पडद्यावर 'अजून ८४ किलोमीटर जाईल' असं लिहून आलं होतं. म्हटलं, काटोलला टाकू. काटोलला मध्यरात्री पंप बंद. पडद्यावर अजून भरपूर किलोमीटर शिल्लक दिसत होते, म्हणून पुढे निघालो. नरखेडहून निघून साठ किलोमीटरही झाले नसतील. कळमेश्वर यायचं होतं, दोन्हीकडे अंधार, आणि गाडी थांबली. पडद्यावर तेव्हाही १७ किलोमीटर शिल्लक होते.

पाऊण तासाने एक दूधवाला मोटारसायकलवर आला. त्याने आपल्या टाकीची नळी काढून पाण्याच्या बाटलीत दीड लिटर पेट्रोल दिलं. पैसे घेतले नाहीत. "पहले अम्मीला घेऊन जा, सर," एवढंच म्हणाला. त्या पाऊण तासात मागच्या सीटवर अम्मीचा श्वास जसा वाजत होता, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. अल्लाहच्या मेहेरबानीने ती वाचली. चूक माझीही होती, हे आधीच कबूल करतो. दिवसाच पेट्रोल टाकून ठेवायला हवं होतं. पण ज्या पडद्यावर विश्वास ठेवून मी निघालो तो खोटं बोलला, हेही तितकंच खरं.

म्हणून हा लेख. स्पोर्ट्स कारचा काटा खोटा निघाला तर एका नौशाची फजिती होते. आपल्या गाडीचा काटा खोटा निघाला तर कुणाचा दवाखाना चुकतो, कुणाची परीक्षा, कुणाचा रोज. आणि काटा खोटा असूनही कुणालाच त्याचा जाब विचारता येत नाही, हे माझं म्हणणं आहे.

आता 'काटा' हा शब्द बघा. आमच्या भागात काटा म्हटलं की आधी वजनकाटा आठवतो. नरखेड, काटोल, वरूडचा शेतकरी संत्रा आणि कापूस विकतो. कापसाच्या वजनात 'कट्टी' कापली म्हणून बाजारात बाचाबाची झालेली मी लहानपणापासून पाहिली आहे. या काट्यावर सरकारचं लक्ष असतं. आपल्या राज्यात त्यासाठी वैधमापन शास्त्र विभाग आहे, २००९चा वैध मापन कायदा आहे. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. पेट्रोल पंपावरच्या यंत्रालाही शिक्का लागतो. शंका आली तर पंपावर ठेवलेल्या पाच लिटरच्या मापाने मोजून दाखवा, असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. ऑटोरिक्षाच्या मीटरलाही शिक्का असतो.

याचा अर्थ तिथे चोरी होत नाही असा नाही. २०१७ साली ठाणे पोलिसांनी राज्यातल्या पेट्रोल पंपांवर धाडी घातल्या, तेव्हा यंत्रात चिप बसवून माप मारण्याचा धंदा उघडा पडला. पण तो गुन्हा ठरला, कारण माप ठरलेलं होतं. शिक्का होता म्हणून तो मोडल्याचं सिद्ध झालं.

आता तेच पेट्रोल पंपाच्या नळीतून माझ्या टाकीत पडतं. त्या क्षणापासून ते मोजणारे दोन काटे आहेत. एक माझ्या डोळ्यांपुढचा, टाकीत किती उरलं ते सांगणारा. दुसरा कंपनीच्या जाहिरातीतला, एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाईल ते सांगणारा. पहिल्यावर कसलाच शिक्का नाही. दुसऱ्यावर शिक्का आहे, पण तो रस्त्याचा नाही, बंद खोलीचा आहे. ज्या लिटरला मी शंभराच्या वर रुपये मोजतो, तो पंपावर मिलिलिटरच्या हिशोबाने मोजला जातो आणि माझ्या गाडीत शिरला की अंदाजपंचे होतो.

आधी डोळ्यांपुढचा काटा. बहुतेक गाड्यांच्या टाकीत आजही एक तरंगता ठोकळा असतो. पेट्रोल कमी झालं की तो खाली जातो, त्याच्या दांडीने विजेचा अडथळा बदलतो आणि त्यावरून काटा हलतो. आता टाकी काही चौकोनी डबा नसते. सीटखाली, चाकाशेजारी, जिथे जागा मिळेल तिथे ती वाकवलेली असते. त्यामुळे ठोकळा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धं उरलं असं नाही. खड्ड्यात पेट्रोल हिंदकळतं म्हणून काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो. चढावर तो एक सांगतो, उतारावर दुसरं. टाकी फुल केल्यावर ठोकळा वर टेकून बसतो, म्हणून पहिले बरेच किलोमीटर काटा हलतच नाही आणि आपण खूश होतो. नंतर मात्र तो भराभर उतरतो.

'अजून इतके किलोमीटर जाईल' हा आकडा तर त्याहून कच्चा. तो मोजलेला नसतोच. मागच्या काही प्रवासात गाडीने किती पेट्रोल खाल्लं यावरून काढलेला तो अंदाज असतो. काल रिकामी गाडी सरळ रस्त्याने निवांत चालवली असेल, तर आज चार माणसं, एसी आणि घाई असतानाही तो कालच्याच हिशोबाने बोलतो. त्या रात्री माझ्या पडद्याने हेच केलं. मेलेल्या हिशोबावर जिवंत माणसाला नेलं.

माझ्या अब्बांच्या स्कूटरला काटाच नव्हता. गाडी बंद पडली की ते खाली उतरून ती एका अंगावर तिरपी करायचे, मग रिझर्व्हची चावी फिरवायचे. तेवढ्यात पंप गाठायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते यंत्र गरीब होतं, पण प्रामाणिक होतं. मला ठाऊक नाही ते ठाऊक आहे असं ते म्हणत नव्हतं. आजचा रंगीत पडदा '८४' म्हणतो. '८० ते ९०' म्हणत नाही, 'साधारण' म्हणत नाही. नेमका आकडा दिला की माणूस त्यावर विसंबतो. ज्याला नेमकं माहीत नाही त्याने नेमकं बोलू नये, एवढी साधी गोष्ट आपण पोरांना शिकवतो. ती यंत्राला का लावू नये?

कुणी म्हणेल, काटा शंभर टक्के बरोबर असूच शकत नाही. मान्य. पण वेग दाखवणारा काटाही शंभर टक्के बरोबर नसतो, तरी त्याला नियम आहे. युरोपसह बऱ्याच देशांत चालणाऱ्या नियमानुसार तो काटा खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीच दाखवू शकत नाही. चुकायचं असेल तर जास्त दाखवण्याकडेच चुकायचं, आणि तेही ठरलेल्या मर्यादेत. चूक होणारच, मग ती माणसाच्या जिवाच्या बाजूने व्हावी, असा त्यातला विचार आहे. पेट्रोलच्या काट्याला हाच नियम का नको? चुकायचं असेल तर 'कमी उरलं' असं सांगून चूक. 'भरपूर आहे' असं सांगून अंधारात उभं करू नको.

आता दुसरा काटा, म्हणजे ॲव्हरेज. हा शब्द आपण इतका वापरतो की त्याचा अर्थच विसरलो. मी उर्दूच्या तासाला त्याला 'औसत' म्हणतो, मराठीच्या तासाला 'सरासरी'. सरासरी म्हणजे अनेक वेगवेगळ्या दिवसांची गोळाबेरीज. जाहिरातीतला आकडा मात्र कुणाच्याच दिवसांची गोळाबेरीज नसतो. तो येतो प्रयोगशाळेतून. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. सगळे तिला एआरएआय म्हणतात. गाड्यांची प्रमाणपत्रं देणाऱ्या देशातल्या मोठ्या संस्थांपैकी ती एक. संस्था नामांकित आहे, तिथले लोक जाणते आहेत, त्यांच्यावर माझा आरोप नाही. आरोप त्या आकड्याच्या वापरावर आहे.

मोटारींची ही चाचणी कशी होते ते ऐका. गाडी रस्त्यावर नेत नाहीत, रुळांवर उभी करून चाकं फिरवतात. एक ठरलेला वेळापत्रकासारखा क्रम असतो, जुन्या युरोपियन चाचणीवर बेतलेला. सगळा मिळून वीस मिनिटांच्या आत संपतो. वेग जास्तीत जास्त ताशी ९०. शहरातल्या भागात शून्यावरून ५० वर जायला पंचवीसेक सेकंद. आमची नरखेडची एसटीसुद्धा इतक्या आरामात सुटत नाही. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, समोर बैलगाडी नाही, मागच्या डिकीत संत्र्यांच्या दोन पेट्या नाहीत. खोलीतली हवा माफक गार. आणि बाहेर आमच्या नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५च्या घरात.

त्या लाल स्पोर्ट्स कारलासुद्धा अशाच परीक्षेला बसवतात. तिचा मालक ती घेतो वेगासाठी आणि तिचं ॲव्हरेज मोजलं जातं गोगलगायीच्या चालीने. पण त्या मालकाला फरक पडत नाही. ज्याने लाखांवर लाख मोजून गाडी घेतली, त्याला सात मिळाले काय नि बारा मिळाले काय. फरक पडतो तो जाहिरातीतला आकडा वाचून कर्ज काढणाऱ्याला. एक गणित मांडतो. महिन्याला १,००० किलोमीटर प्रवास आहे. जाहिरातीत २० लिहिलं, तर ५० लिटर लागतील. रस्त्यावर १५ मिळाले, तर ६६ लिटरच्या वर लागतात. लिटर शंभर रुपये धरला तरी महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये जास्त, वर्षाला वीस हजार. गाडी घेताना सेल्समनशी पाच हजारांच्या सवलतीसाठी आपण दोन तास भांडतो. हे वीस हजार मात्र दरवर्षी मुकाट भरतो.

ही केवळ माझी कुरकुर नाही. २००४ साली दिल्लीतल्या एका ग्राहकाने मारुतीची झेन घेतली होती. जाहिरातीत लिटरला १६ ते १८ किलोमीटरचा दावा होता, त्याला मिळाले सुमारे १०. तो ग्राहक मंचात गेला. जिल्हा मंच, मग राज्य आयोग, मग राष्ट्रीय आयोग. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगाने त्याला एक लाख रुपये भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. जाहिरात दिशाभूल करणारी होती, हे मान्य झालं. आनंद वाटला. पण तारखा पुन्हा वाचा. २००४ची गाडी, २०२४चा निकाल. वीस वर्षं. तोवर झेन बाजारातूनच गेली होती. प्रत्येक गाडीवाल्याने वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात, हा न्यायाचा रस्ता असू शकत नाही.

अमेरिकेत काय झालं पाहा. ह्युंदाई आणि किया यांनी ॲव्हरेज फुगवून सांगितल्याचं तिथल्या पर्यावरण खात्याने २०१२ मध्ये पकडलं. कंपन्यांना आकडे बदलावे लागले, ग्राहकांना फरकाचे पैसे द्यावे लागले, आणि २०१४ मध्ये १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. तिथे सामान्य माणूस कोर्टात गेला म्हणून हे झालं नाही. सरकारी खात्याने स्वतः गाड्या तपासल्या म्हणून झालं.

आता इथेनॉल. हा विषय आमच्या जिल्ह्यात जपून बोलावा लागतो, कारण त्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते नितीन गडकरी नागपूरचेच आहेत. मी जपूनच बोलतो. उसापासून, मक्यापासून इंधन झालं तर शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील, परदेशी तेलावरचा खर्च कमी होईल. हे मला पटतं. माझा वाद इथेनॉलशी नाही, हिशोबाशी आहे.

एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. हे कुणा व्हॉट्सॲपवाल्याचं म्हणणं नाही, रसायनशास्त्र आहे. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या बनावटीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के कमी होईल असा अंदाज होता. आणि या मिश्र पेट्रोलची किंमत कमी ठेवावी, म्हणजे ग्राहकाचं नुकसान भरून निघेल, असा विचारही त्याच आराखड्यात मांडलेला होता. २०२५ मध्ये देश वीस टक्क्यांवर पोहोचला, ठरल्या मुदतीच्या पाच वर्षं आधी. अभिनंदन. पण किंमत? ती उतरली नाही. इथेनॉलच आता पेट्रोलपेक्षा महाग पडतंय, असं सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मग एका आराखड्यातलं अर्धं पान अमलात आलं आणि उरलेलं अर्धं, ज्यात ग्राहकाचा फायदा होता, तेवढंच कसं हरवलं?

पंपावर बिनइथेनॉलचं पेट्रोलही ठेवा, निदान कशात काय मिसळलंय ते ठळक लिहा, अशी मागणी घेऊन एक जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा सरन्यायाधीश आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. १ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांच्या खंडपीठाने ती फेटाळली. निर्णय शिरोधार्य. पण मिसळू नका ही मागणी वेगळी आणि मिसळलेलं सांगा, हिशोबात धरा ही मागणी वेगळी. दुसरी मागणी आपण सोडायचं कारण नाही. दूधवाल्याने पाणी घालून दूध त्याच भावाने विकलं तर आपण त्याला 'पाणी आरोग्याला चांगलं असतं' म्हणून सोडतो का?

आमच्या स्टाफरूममधले एक सर या सगळ्यावर हसतात. "तुम्ही पाय जोरात दाबता, टायरात हवा बघत नाही, मग कंपनीच्या नावाने ओरडता." त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. चालवण्याने फरक पडतोच. टायरमधली हवा, क्लचवरचा पाय, सिग्नलला चालू ठेवलेलं इंजिन, सगळ्याने पडतो. पण दोष फक्त चालवणाऱ्याचा असता, तर काहींना जाहिरातीपेक्षा कमी आणि तितक्याच जणांना जास्त ॲव्हरेज मिळायला हवं होतं. सगळ्यांचा आकडा एकाच बाजूला का घसरतो? सगळा वर्ग एकाच प्रश्नात नापास झाला, तर शहाणा मास्तर आधी प्रश्नपत्रिका तपासतो.

दुसरा आक्षेप असा की प्रयोगशाळेशिवाय दोन गाड्यांची तुलना कशी करणार? हाही बरोबर आहे. सारखी परीक्षा हवीच. पण परीक्षेतले गुण वेगळे आणि पोराचं आयुष्य वेगळं, हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. गुणपत्रिका छापा, पण तिच्या शेजारी रस्त्यावरचं प्रगतिपुस्तकही छापा. युरोपने ते केलं आहे. तिथे २०२१ पासून प्रत्येक नव्या मोटारीत प्रत्यक्ष खाल्लेलं इंधन मोजून साठवणारी यंत्रणा सक्तीची आहे, आणि तिची चूक पाच टक्क्यांच्या आत हवी असा नियम आहे. त्या खऱ्या आकड्यांवरून युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केलं की पेट्रोल-डिझेलच्या गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा रस्त्यावर सुमारे वीस टक्के जास्त इंधन खातात. तीही त्यांच्या नव्या, कडक चाचणीपेक्षा. म्हणजे यंत्र आहे, ते बसवता येतं, मोजता येतं, जाहीरही करता येतं. आपल्याकडे नाही, कारण आपण मागितलं नाही.

कुरआनात 'मुतफ्फिफीन' नावाची सूरत आहे. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना हात आखडणारे लोक, त्यांना ती खडसावते. मदयनच्या लोकांना हजरत शुऐब यांनी दिलेला इशाराही मापातोलाचाच होता. त्या शब्दाची एक गंमत मी उर्दूच्या मुलांना सांगतो. 'मुतफ्फिफ' म्हणजे दरोडेखोर नव्हे. ज्या धातूपासून हा शब्द येतो त्याचा अर्थ 'किरकोळ, थोडंसं' असा आहे. थोडंसं कमी देणारा. म्हणजे इशारा मोठ्या लुटीला नाही, चिमूटभर चोरीला आहे, कारण चिमूटभर चोरी अंगवळणी पडते. मराठीत 'मापात पाप' म्हणतात ते हेच. काट्यात पाच टक्के, इथेनॉलमध्ये सहा टक्के, जाहिरातीत वीस टक्के. प्रत्येक जण म्हणतो, माझं किरकोळ आहे. टाकी मात्र एकाचीच रिकामी होते.

माझ्या मागण्या चार आहेत, आणि एकही चंद्रावरून आणायची नाही. एक, नव्या प्रत्येक गाडीत आजवर किती लिटर पेट्रोल जळलं ते दाखवणारा आकडा असावा, किलोमीटरच्या आकड्याशेजारी, आणि त्याच्या अचूकतेवर वैधमापनाचा शिक्का असावा. दोन, जाहिरातीत प्रयोगशाळेचं ॲव्हरेज छापायचं तर त्याच अक्षरात, त्याच आकारात रस्त्यावरचंही छापावं. बारीक अक्षरातलं 'चाचणीच्या परिस्थितीत' चालणार नाही. तीन, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा अंदाज चुकायचा तर कमी दाखवण्याकडेच चुकावा, आणि रिझर्व्हचा दिवा लागला तेव्हा टाकीत किती लिटर असतं ते पडद्यावर लिहिलेलं असावं. चार, पंपावर मिश्रण ठळक लिहावं आणि त्याची किंमत त्यातल्या ऊर्जेच्या हिशोबाने असावी.

हे होईपर्यंत आपलं काम आपणच करू. मी आता टाकी फुल करतो, किलोमीटर लिहितो. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल करतो आणि मधले किलोमीटर भागिले टाकलेले लिटर काढतो. जुनी वही, साधा भागाकार. आठवीच्या पोरांनाही हा घरचा अभ्यास दिला. ज्यांच्या घरी मोटारसायकल आहे त्यांनी महिनाभर वही ठेवायची. ज्याच्या घरी नाही, त्याने शेजारच्या चाचांची ठेवायची. महिन्याने वह्या आल्या. एका मुलीने शेवटी लाल शाईने लिहिलं होतं, "सर, अब्बा म्हणतात गाडी इतकं देते. वहीत त्याहून कमी येतंय. भागाकार तीनदा तपासला. आता अब्बांना काय सांगू?"

मी खाली लिहिलं, "वही दाखव."